पत्र मुलाबद्दलचं आहे, पण आधी मुलीकडे बघा

एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो:

"माझा मुलगा नुकताच ९ वर्षांचा झाला. वर्गात सगळ्यांत बुटका आहे. उंची १२२ सेंटिमीटर, वजन २२ किलो. मागच्या वाढदिवसाला ११७ होता. माझी उंची १५०, त्याच्या बाबांची १६२. तो वाचताना फार अडखळतो. बाई म्हणतात, 'वाढ कमी आहे म्हणून अभ्यासही मागे पडतोय, एक वर्ष याच वर्गात राहू द्या.' शिवाय मी कुठेतरी वाचलं की उंच मुलं जास्त शिकतात आणि पुढे जास्त कमावतात. आमची कमाई बेताची आहे, निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावरच जातो. तरी पोटाला चिमटा घेऊन उंची वाढवायच्या पावडरीचा डबा दर महिन्याला आणावा का? धाकटी १४ महिन्यांची आहे, तिचं ठीक चाललंय. दाराशी उभी धरून मोजली तर ६९ भरली. चार-पाच बाटल्या दूध पिते, बाकी फारसं खात नाही."

ताई, पावडर आणू नका. मुलाच्या उंचीत घाबरण्यासारखं आम्हाला काही दिसत नाही. ज्या मुलीचं "ठीक चाललंय" असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, तिच्याकडे मात्र याच आठवड्यात लक्ष द्यायला हवं.

आधी मुलाचे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते दोन आहेत. जन्मापासून ५ वर्षांपर्यंतचा २००६ साली आला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, नीट खायला मिळणारी, निरोगी घरांतली मुलं मोजून तो बनवला आहे. ५ ते १९ वर्षांचा तक्ता २००७ सालचा. ९ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची त्यातली मधली उंची सुमारे १३२.६ सेंटिमीटर आहे आणि "वाढ खुंटली" असं जिच्या खाली म्हणतात ती रेषा सुमारे १२०.५ वर येते. तुमचा मुलगा १२२. म्हणजे रेषेच्या वर, पण फार वर नाही. तो बुटका आहे, वाढ खुंटलेला नाही. या रेषेबद्दल आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: ती आकडेशास्त्राने आखलेली असल्यामुळे पूर्ण निरोगी अशा १०० मुलांमधलीही दोन-तीन तिच्या खाली असतातच.

एका दिवसाच्या उंचीपेक्षा वर्षभरातली वाढ महत्त्वाची. वयात येण्याआधी, साधारण ४ वर्षांपासून पुढे, मूल वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. तुमचा मुलगा ११७ वरून १२२ वर गेला, म्हणजे ५. मागच्या वर्षी तक्त्यावर ज्या वाटेवर होता त्याच वाटेवर तो आजही आहे. आता आई-बापाच्या उंचीचा हिशेब करू. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. मुलगी असेल तर १३ वजा करायचे. १५० अधिक १६२ अधिक १३ म्हणजे ३२५, निम्मे १६२.५. मोठेपणी तो याच्या अलीकडे-पलीकडे आठ-साडेआठ सेंटिमीटरच्या आत कुठेतरी असेल. आज तक्त्यावर तो जिथे आहे तिथून निघालेली वाट बरोबर याच सुमाराला पोचते.

पण या सूत्रावर आम्ही डोळे मिटून विसंबत नाही. चांगलं खाणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो हे खरं. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची १०० वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि एवढ्या काळात रक्त काही बदलत नाही. बदललं ते पोटात जाणारं अन्न, आजारपणं आणि आयांची तब्येत. तेव्हा तुमची १५० सेंटिमीटर उंची हा निव्वळ घराण्याचा वारसा असेल असं नाही, तुमच्या स्वतःच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा हिशेबही त्यात लिहिलेला असू शकतो. सूत्र सांगतं ते घरात आजवर काय झालं. तुमची मुलं कुठवर जाऊ शकतात, हे त्याला ठाऊक नसतं.

आता तुम्ही वाचलेल्या वाक्याकडे येऊ. "उंच मुलं जास्त शिकतात" हे सरासरीने खरं आहे आणि जुनंही आहे. १८२९ मध्ये फ्रान्समधल्या लुई-रने विलेर्मे या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की सुखवस्तू भागातल्या तरुणांची उंची गरीब भागातल्यांपेक्षा जास्त असते. २००८ साली अॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी ब्रिटन आणि अमेरिकेतली माहिती तपासली. उंच मुलं आकलनाच्या चाचण्यांत सरासरीने पुढे असतात आणि हा फरक तिसऱ्या वर्षीच, म्हणजे शाळेचा वारा लागण्याआधीच दिसतो, असं त्यात निघालं. पुढची जास्त कमाई बरीचशी या आकलनातून येते, उंचीतून नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तिसऱ्या वर्षीच दिसतो, यातच सगळं आलं. उंची बुद्धी वाढवत नाही. गर्भात मिळालेलं पोषण, पहिल्या दोन वर्षांतलं खाणं, जुलाब-तापाच्या फेऱ्या, आईचं शिक्षण, घरातला पैसा या सगळ्यांतून हाडंही घडतात आणि मेंदूही. उंची ही त्या वर्षांची पावती आहे. पावतीवरचा आकडा खोडून मोठा केला म्हणून सामान वाढत नाही. शिवाय हे नातं एकेका मुलापुरतं फारच पातळ आहे. उंची आणि बुद्धिमापन यांतला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पुरतं नातं) साधारण ०.१ ते ०.२ भरतो. त्याचा वर्ग केला तर चाचणीतल्या फरकांपैकी शंभरातले एक ते चार भागच उंचीशी जुळतात, बाकीच्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. हजारो मुलांच्या सरासरीत दिसणारी ही गोष्ट एका मुलाच्या प्रगतिपुस्तकाला लावणं हीच बाईंची चूक. त्यांचा हेतू चांगला असेल, पण निदान चुकलं आहे.

मग अन्न आणि शिक्षण यांचा धागा खरोखर कुठे जुळतो? ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांना प्रथिनं आणि ऊर्जा भरपूर असलेलं 'अतोले' नावाचं दाट पेय दिलं जायचं आणि दोन खेड्यांत 'फ्रेस्को' नावाचं प्रथिनं नसलेलं गोड पेय. ती मुलं पंचविशी ते चाळिशीत असताना त्यांना पुन्हा गाठलं. लहानपणी अतोले मिळालेल्या बायका सुमारे १.२ इयत्ता जास्त शिकल्या होत्या आणि स्त्री-पुरुष दोघांचंही वाचन चांगलं होतं. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत ते मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त होती. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळू लागलं, त्यांच्या मजुरीत मात्र काहीच फरक नव्हता.

दुसरा प्रयोग जमैकातल्या किंग्स्टनचा, १९८६-८७ मध्ये सुरू झालेला. वाढ खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं. काहींना दर आठवड्याला दूधपावडरीचा पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास एक प्रशिक्षित बाई येऊन आईला बाळाशी बोलायला, चित्रं दाखवायला, घरातल्याच वस्तूंनी खेळायला शिकवायच्या. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर नुसत्या आहाराचा फायदा विरून गेला होता. ज्यांच्या घरी बोलणं-खेळणं शिकवलं गेलं, त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती, वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला आलेली. त्यांची उंची काही त्यामुळे वाढली नव्हती.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की तुमच्या घरातला पैसा आणि वेळ कुठे जायला हवा ते दिसतं. अन्नाचा पैसा आधी १४ महिन्यांच्या मुलीकडे, कारण तिची खिडकी अजून उघडी आहे. बोलणं आणि वाचन दोघांकडे. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि बेताच्या कमाईच्या घरात वेळ पैशाहून दुर्मिळ असतो हे आम्हाला माहीत आहे.

तर मुलगी. तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलीची मधली लांबी ७६.४ सेंटिमीटर आणि खालची रेषा सुमारे ७१ आहे. तुम्ही ६९ लिहिलंत. दोन वर्षांखालचं मूल उभं करून मोजत नाहीत, झोपवून मोजतात. उभ्याने मोजलेला आकडा सरासरी ०.७ सेंटिमीटर कमी येतो. ते मिळवलं तरी ६९.७, म्हणजे अजून रेषेच्या खालीच. गुडघे वाकले असतील तर खरा आकडा थोडा जास्तही निघेल. म्हणून आधी नीट मोजा.

मोजायला दोन माणसं हवीत. भिंतीला टेकवलेलं सपाट टेबल घ्या किंवा जमिनीवरच मोजा. डोकं भिंतीला लागेल असं बाळाला उताणं झोपवा. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरायचं, बाळाची नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि जाड पुस्तक किंवा फळी तळव्यांना काटकोनात टेकवून खूण करायची. टाचा टेकल्या पाहिजेत, बोटं वर असायला हवीत. कापडी टेप ताणला जातो, म्हणून न ताणणारी पोलादी पट्टी वापरा. दोनदा मोजा. दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. दंडाचा घेरही घ्या, डाव्या दंडाच्या मधोमध, टेप न आवळता. १२.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर लवकर डॉक्टरांना दाखवायचं, ११.५ च्या आत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी.

वाढ मागे पडण्याचं कारण बहुधा तुमच्याच वाक्यात आहे: चार-पाच बाटल्या दूध आणि बाकी फारसं नाही. एवढ्याशा पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅमच अन्न मावतं. ८ किलोच्या बाळाला म्हणजे एक वाटीभर. ती वाटी दुधाने भरली की भूक मेली. दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि दुसऱ्या अन्नातलं लोहही दूध नीट शोषू देत नाही. जन्मजात साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतं. हे बाळ गुटगुटीत दिसू शकतं, पण रक्त पातळ, चेहरा फिका, भूक मंद. आणि याच वयातली लोहाची कमतरता पुढे शिकण्यावर उमटते. बाटलीत पाणी घालून दूध वाढवत असाल तर तेही आजच थांबवा.

दूध एकदम तोडू नका. दोन आठवडे घ्या. पहिल्या तीन-चार दिवसांत जेवणाच्या आधीच्या बाटल्या काढा, म्हणजे आधी अन्न आणि मग दूध. मग रात्रीची बाटली काढा. शेवटी राहिलेलं दूध बाटलीऐवजी पेल्यातून द्या. दिवसाचं वरचं दूध ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत आणायचं. अंगावर पाजत असाल तर ते चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत आणि त्याच्या पुढेही. या वयाच्या अंगावर पिणाऱ्या बाळालाही दिवसाला सुमारे ५५० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, न पिणाऱ्याला आणखी जास्त.

म्हणजे दिवसातून तीन ते चार जेवणं आणि एक-दोन वेळा मधलं खाणं. २५० मिलिलिटरची वाटी धरली तर एका जेवणाला पाऊण ते एक वाटी. पहिल्या दिवशी ती दोन चमचेच खाईल. चालेल. दर दोन-तीन दिवसांनी एकेक चमचा वाढवा. अन्न दाट हवं: चमचा तिरका केला तर ओघळून पडायला नको. पातळ अन्न पटकन गिळलं जातं म्हणून आया ते देतात आणि तिथेच घात होतो, पोट भरतं पाण्याने. डाळ शिजवून तिचं वरचं पाणी बाळाला आणि दाट भाग मोठ्यांना, ही चूक तर आम्ही किती घरांतून ऐकतो. ताकद तळाला असते. डाळ कुस्करून तीच द्या. धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग हे प्रमाण ठेवा आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप घाला. ५ मिलिलिटर तेल म्हणजे चाळीसेक कॅलरी आणि जागा जवळजवळ काहीच नाही.

प्राणिज अन्न रोज थोडं तरी मिळावं. खात असाल तर अंडं, मासा किंवा मांस नीट शिजवून आणि बारीक करून द्या. एका अंड्याबद्दल दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तर लांबी चांगलीच सुधारली. तसाच प्रयोग मलावीत केला, तिथे वाढीत फरक दिसला नाही. तिथल्या बाळांच्या खाण्यात मासा आधीपासूनच होता. म्हणजे अंड्यात जादू नाही, जे ताटात नव्हतं ते आलं की फरक पडतो. तुमच्या मुलीच्या ताटात सध्या दुधाखेरीज फारसं काहीच नाही, म्हणून तिला फायदा होण्याची शक्यता जास्त. मांसाहार करत नसाल तर डाळी-कडधान्यं दिवसातून दोनदा, बारीक वाटलेले दाणे किंवा तीळ (अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात) आणि प्रत्येक जेवणाबरोबर काहीतरी आंबट फळ, कारण वनस्पतींतलं लोह क जीवनसत्त्वाशिवाय फार कमी शोषलं जातं. चहा अजिबात नको, एक घोटही नको.

एवढं करूनही डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्याच. लोहाचं औषध लागलं तर मात्रा त्यांनीच ठरवायची, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची. लोहाची जास्त मात्रा लहान मुलासाठी खरोखर विष असते. जुलाब झाले तर क्षारसंजीवनी आणि १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त. खाणं बंद करायचं नाही. बरं वाटल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचं. बाळाची वाढ बहुतेक वेळा एकदम खुंटत नाही. दर आजारपणात थोडी थांबते आणि नंतरची भरपाई कुणी करत नाही, म्हणून मागे पडत जाते.

हात धुणं, शौचालय, स्वच्छ पाणी यांवर खर्च करायचाच, पण उंचीसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या या उपायांनी लांबी वाढली नाही. आहार आणि त्याबद्दलचा सल्ला मिळाला तिथे ती वाढली, तीही थोडीच. हे मुद्दाम सांगतोय, कारण आहाराने मुलगी चार महिन्यांत तक्त्याच्या मधोमध जाईल अशी आशा धरलीत तर निराश व्हाल आणि सोडून द्याल. आधी वजन हलतं, लांबी मागून येते. या वयात महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. तीन महिन्यांत ३ सेंटिमीटर भरली तर घसरण थांबली. त्याच्या वर जे भरेल ती कमाई.

आता पावडरीचे पैसे. ९ वर्षांच्या मुलाला प्रथिनं लागतात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणजे २२ किलोला २१ ग्रॅम. मुख्यतः धान्य-डाळींतून येणार असतील तर २५ ते ३० धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८. उरलेली रोजच्या धान्या-डाळीतून सहज येतात. त्या डब्यात बहुतेक साखर, दुधाची भुकटी किंवा माल्ट आणि वर शिंपडलेली जीवनसत्त्वं असतात. डबा विकत न घेता त्याच्या किमतीत तुमच्या बाजारात किती अंडी, किती डाळ, किती तेल येतं ते कागदावर मांडून बघा. तेवढं महिनाभर मुलीच्या आणि उरलं तर मुलाच्या ताटात घाला. त्यातूनही कपात करायची वेळ आली तर बिस्किटं, गोड पेयं आणि पाकीटबंद खाऊ आधी काढा. मुलीच्या वाटीतलं तेल आणि डाळ सगळ्यांत शेवटी. मीठ मात्र आयोडीनचंच वापरा. मुलांच्या बुद्धीसाठी याहून स्वस्त खर्च दुसरा नाही.

लोंबकळणं, ताणाचे व्यायाम, उंची वाढवणारे बूट-पट्टे यांवर वेळ घालवू नका. हाडांच्या टोकांची वाढपट्टी उघडी असेल तर ती अन्न, झोप आणि संप्रेरकांवर वाढते. बंद झाली की कशानेच वाढत नाही. मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप हवी, तीही फुकट आहे.

राहिलं त्याचं वाचन. ते उंचीपासून पूर्ण वेगळं काढा. आधी डोळे तपासा, फळ्यावरचं लांबचं आणि पुस्तकातलं जवळचं दोन्ही. मग कान: सर्दी-कानदुखी वारंवार होत असेल तर ऐकू कमी येतं आणि सारखे वाटणारे उच्चार गोंधळतात. मग हिमोग्लोबिन. या वयात ११.५ च्या खाली असेल तर उपचार हवेत. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात वर्षातून एकदा किंवा दोनदा जंताची गोळी देतात, ती चुकली नाही ना ते बघा. केनियातल्या शाळांत अशा गोळ्यांनी गैरहजेरी साधारण चौथ्या हिश्श्याने घटली. परीक्षेतले गुण मात्र हलले नाहीत. मूल वर्गात येऊन बसतं एवढंच गोळीचं काम, शिकवायला कुणीतरी लागतंच. मागच्या वर्षाची हजेरीही मोजा. आजारपणात किंवा घरच्या कामात किती दिवस बुडाले? पुष्कळदा अडखळण्याचं कारण तिथेच सापडतं: जोडाक्षरं शिकवली ते पंधरा दिवस मुलगा शाळेतच नव्हता. आणि तो सकाळी काही खाऊन जातो का? उपाशीपोटी तिसऱ्या तासाला कुणाचंच लक्ष लागत नाही.

मग रोज १५ ते २० मिनिटं, ठरलेल्या वेळी. इयत्तेचं पुस्तक नको, त्याहून सोपं घ्या. वीस शब्दांत एकापेक्षा जास्त अडला तर आणखी सोपं. तोच उतारा तीन दिवस मोठ्याने वाचून घ्या, तिसऱ्या दिवशी वेग आपोआप येतो. अडलेले शब्द वहीत लिहा. आठवड्याने त्यात ठरावीक जोडाक्षरं किंवा ठरावीक मात्रा पुन्हा पुन्हा दिसतील, तेवढ्याच शिकवा. शेवटची पाच मिनिटं त्याने धाकटीला चित्रांचं पुस्तक दाखवून "हे काय, ते काय" विचारायचं. त्याला सराव आणि तिला तेच, जे किंग्स्टनच्या आयांना शिकवलं होतं. तुम्हाला वाचायला वेळ नसेल तर काम करता करता बोला: काय चिरताय, किती उरलं, आधी काय करायचं.

त्याला मागे ठेवू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. तीच पानं त्याच पद्धतीने पुन्हा शिकवली तर अडचण तिथेच राहते, वर नापास झाल्याची भावना येते. बाईंना भेटा आणि एवढं सांगा: वाढ रेषेच्या वर आहे, वर्षाला ५ सेंटिमीटर आहे, वाचनाची अडचण अमुक जोडाक्षरांत आहे. बुटक्या मुलाला मोठी माणसं नकळत लहान समजतात, सोपे प्रश्न विचारतात, जबाबदारी देत नाहीत. नवाच्या मुलाला नवाच्याच मुलासारखं वागवावं, एवढी विनंती बाईंना करा आणि घरीही पाळा.

मुलाला डॉक्टरांकडे कधी न्यायचं तेही लिहून ठेवा: वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढला, तक्त्यावरची वाट सोडून खालच्या रेषेकडे गेला, सततचे जुलाब किंवा पोट फुगणं असेल, फार थकवा आणि बद्धकोष्ठता एकत्र असेल, सकाळची डोकेदुखी आणि उलट्या असतील किंवा १४ वर्षांपर्यंत वयात येण्याची खूण दिसली नाही. तेव्हा थायरॉइड, रक्त, गव्हातल्या ग्लुटेनची असहिष्णुता आणि हाडांचं वय कळण्यासाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे अशा तपासण्या होतात. आज यातलं काही करायची गरज दिसत नाही.

मुलाला सहा महिन्यांनी मोजा, त्याआधी नको. मोजमापाची चूकच अर्धा सेंटिमीटर असते, दर महिन्याला मोजलं तर चूकच वाढ वाटते. अनवाणी, टाचा-पाठ भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर काटकोनी खोकं आणि सकाळच्याच वेळी, कारण संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा दबून उंची साधारण १ सेंटिमीटर कमी भरते. मुलीला मात्र दर महिन्याला वजन आणि तीन महिन्यांनी लांबी, झोपवून. पहिलं मोजमाप या रविवारी करा आणि तारीख, वेळ, आकडा असं तिन्ही वहीत लिहा.